प्रवास विमा घेताना : तिकिटापासून दाव्यापर्यंत

बार्शीटाकळीहून मुंबईला जावयाचे तर प्रवासाचे दोन तुकडे पडतात. पहिला अकोल्यापर्यंतचा, सुमारे वीस किलोमीटरचा. तो एसटीने, ऑटोने किंवा अकोला-पूर्णा मार्गावरील गाडीने होतो. दुसरा अकोल्याहून हावडा-मुंबई मार्गावरील आरक्षित गाडीने. प्रवाशाच्या लेखी हा सारा एकच प्रवास असतो. विम्याच्या कागदावर मात्र हे दोन तुकडे एकमेकांना ओळखतही नाहीत. अकोल्याहून आरक्षण करताना विम्याच्या चौकटीत खूण केली असली, तरी घरून अकोला स्थानकापर्यंतच्या रस्त्यावर काही घडले तर तो विमा लागू होत नाही. बार्शीटाकळीच्या स्थानकावर खिडकीवर काढलेल्या साध्या तिकिटावर तर तो विमा मिळतच नाही.

प्रवास विम्यासंबंधी होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ अशाच ठिकाणी सापडते. विम्याची रक्कम किती, हे सर्वांना ठाऊक असते. प्रवास कोठे सुरू होतो व कोठे संपतो, 'अपघात' कशाला म्हणावयाचे, 'पूर्वीचा आजार' कोणता, या शब्दांच्या व्याख्या मात्र दावा फेटाळल्याचे पत्र हाती आल्यावर वाचल्या जातात. त्या आधी वाचल्या, तर अनेकांच्या असे लक्षात येईल की काही संरक्षण कायद्याने त्यांना आधीच दिलेले आहे, काही विकत घेण्याजोगे आहे आणि काही कोणत्याच पॉलिसीत मिळत नाही.

कायद्याने आधीच मिळालेले संरक्षण

रेल्वेच्या प्रवाशाला एक पैसाही जादा न भरता मिळणारे संरक्षण रेल्वे कायदा, १९८९ मध्ये आहे. कलम १२४ गाडीच्या अपघातासंबंधी आहे. टक्कर होणे, गाडी रुळावरून घसरणे यांसारख्या घटना त्यात येतात. कलम १२४-अ 'अनुचित घटने'संबंधी आहे. दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल, जाळपोळ यांबरोबरच प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने खाली पडणे, हेही त्यात मोडते. वैध फलाट तिकीट घेतलेली व्यक्तीही अशा घटनेची बळी ठरल्यास या कलमाच्या कक्षेत येते. रेल्वेची चूक होती की नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर नाही. मृत्यूबद्दलची भरपाई पूर्वी ४ लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख रुपये झाली आहे. जखमांसाठी स्वतंत्र कोष्टक आहे.

या तरतुदीचा अर्थ न्यायालयांनी उदारपणे लावलेला आहे. गाडीत चढताना पडून मृत्यू आला, तर प्रवासी 'गाडीत' नव्हता असे म्हणून भरपाई नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने तो प्रवासी नव्हता असे मानता येणार नाही, असा निर्वाळा मे २०१८ मधील निकालात मिळाला. नातेवाईकांनी प्रतिज्ञापत्राद्वारे प्राथमिक माहिती द्यावी, त्यानंतर ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. अपघाताच्या धावपळीत तिकिटाचा कागद हरवणे ही नित्याची बाब असल्याने या निकालाचे महत्त्व फार मोठे आहे.

अपवादही कायद्यातच आहेत. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या अमलाखाली केलेली कृती, तसेच नैसर्गिक कारणाने किंवा आजाराने आलेला मृत्यू यांना भरपाई नाही. म्हणजेच रात्रीच्या गाडीत हृदयविकाराचा झटका येऊन वृद्ध प्रवासी दगावला, तर कलम १२४-अ कामास येत नाही. वयस्कर प्रवाशांच्या कुटुंबीयांना हे आधी माहीत असणे बरे.

भरपाईचा अर्ज रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. महाराष्ट्रात त्याची खंडपीठे मुंबई व नागपूर येथे आहेत. मुदत घटनेपासून एक वर्षाची. विलंबाचे पुरेसे कारण दाखविल्यास ती क्षमापित होऊ शकते. अपघात दूरच्या राज्यात झाला असला, तरी प्रवासी जेथे राहतो तेथील खंडपीठाकडेही अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. गाडीच्या अपघातानंतर रेल्वे जे तातडीचे सानुग्रह अनुदान जाहीर करते, ते या भरपाईहून वेगळे असते. सप्टेंबर २०२३ मध्ये मृत्यूबद्दलचे हे अनुदान ५० हजारांवरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आले.

एसटीच्या प्रवाशांसाठी महामंडळाने २०१६ मध्ये अपघात सहायता निधी सुरू केला. त्यासाठी तिकिटामागे एक रुपया आकारला जाऊ लागला आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये देण्याची तरतूद झाली. ऑटो किंवा खासगी वाहनाच्या अपघातात वेगळा मार्ग आहे. वाहनाच्या सक्तीच्या विम्यावर मोटार अपघात दावे न्यायाधिकरणामार्फत भरपाई मागता येते. वाहनाचा विमा चालू आहे की नाही हे बसण्यापूर्वी कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

पंचेचाळीस पैशांचा विमा

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर ई-तिकीट काढताना दिसणारा विमा १ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाला. तेव्हा प्रत्येक प्रवाशामागे ९२ पैसे पडत. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तो मोफत करण्यात आला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून पुन्हा ऐच्छिक व सशुल्क झाला. पुढे हप्ता ३५ पैशांपर्यंत उतरला व नंतर ४५ पैसे झाला. एवढ्या पैशांत मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, रुग्णालयातील उपचारांसाठी २ लाखांपर्यंत आणि पार्थिव नेण्यासाठी १० हजार रुपये असे संरक्षण मिळते. ही रक्कम कायद्यान्वये मिळणाऱ्या भरपाईच्या व्यतिरिक्त असते. एकाची निवड केली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसच्या अपघातात २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा ३५ पैशांच्या या विम्याची देशभर चर्चा झाली. त्या गाडीच्या साध्या डब्यांतून प्रवास करणारे मात्र या विम्याच्या कक्षेबाहेरच होते, कारण हे संरक्षण केवळ ऑनलाइन काढलेल्या आणि निश्चित किंवा आरएसी झालेल्या तिकिटांना मिळते. आरक्षण खिडकीवरील तिकीट, साधे तिकीट आणि मोबाइलवर काढलेले अनारक्षित तिकीट या साऱ्यांना ते लागू नाही. स्वतंत्र जागा न घेतलेली पाच वर्षांखालील मुलेही त्यात येत नाहीत. ज्यांना विम्याची सर्वाधिक निकड, तेच येथे वगळले गेले आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तिकीट निश्चित झाल्यावर विमा कंपनीकडून मोबाइलवर व ई-मेलवर संदेश येतो. त्यातील दुव्यावर जाऊन वारसाचे नाव नोंदवावयाचे असते. जाहिरातीचा संदेश समजून बहुतेक जण तो पुसून टाकतात. नाव नोंदविलेले नसल्यास रक्कम बुडत नाही. परंतु ती कायदेशीर वारसांना मिळते आणि वारस सिद्ध करण्याच्या कागदपत्रांसाठी तहसील व न्यायालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. तिकीट कोणा एजंटाने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर काढलेले असेल, तर हा संदेश प्रवाशापर्यंत पोहोचतही नाही. तालुक्याच्या गावी तिकिटे बहुधा अशाच सेवा केंद्रांतून काढली जातात. तेव्हा आरक्षण करताना स्वतःचा क्रमांक देण्याचा आग्रह धरावा आणि विम्याची खूण केली किंवा नाही, हे तिकिटाच्या प्रतीवर पाहून घ्यावे. दाव्याची कागदपत्रे घटनेपासून चार महिन्यांच्या आत सादर करावी लागतात. न्यायाधिकरणाची मुदत एका वर्षाची असल्याने ही चार महिन्यांची मुदत विसरली जाते.

या विम्यात 'अपघात' म्हणजे काय, याची व्याख्या रेल्वे कायद्यावरूनच घेतलेली आहे. त्यामुळे गाडीत आजारी पडणे, विषबाधा होणे किंवा सामान चोरीस जाणे यासाठी तो उपयोगी पडत नाही.

देशांतर्गत प्रवासास वेगळी पॉलिसी हवी काय?

बहुतेकांना नको, असेच उत्तर द्यावे लागेल. ज्या कुटुंबाकडे मेडिक्लेम पॉलिसी आहे, तिचे संरक्षण भारतात कोठेही उपचार घेतले तरी चालू राहते. हरिद्वारला पाय मोडला काय अन् अकोल्यात मोडला काय, पॉलिसीला फरक पडत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या शहरातील कॅशलेस रुग्णालयांची यादी मोबाइलमध्ये उतरवून घेणे, एवढे केले तरी पुरे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेवर विसंबून असलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की तिचा लाभ मुख्यत्वे महाराष्ट्रातील अंगीकृत रुग्णालयांत मिळतो.

अपघाती मृत्यूसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही अनेकांच्या बँक खात्याला जोडलेली असते. वर्षाला २० रुपये (मे २०२२ पर्यंत १२ रुपये) कापले जातात आणि १८ ते ७० या वयोगटातील खातेदाराला २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण मिळते. खात्यातून पैसे कापले जात असूनही घरच्यांना त्याचा पत्ता नसणे, हे चित्र सर्रास दिसते. क्रेडिट व डेबिट कार्डांसोबतही अपघात विमा असतो. मात्र अपघातापूर्वीच्या ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेले असण्याची अट बहुधा त्यास जोडलेली असते.

अपवाद आहे तो डोंगराळ भागातील यात्रांचा. केदारनाथ, अमरनाथ किंवा लडाखच्या प्रवासात विरळ हवेचा त्रास, तातडीने हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आणि रस्ते बंद झाल्याने वाढणारा मुक्काम हे तीनही धोके खरे आहेत. साध्या मेडिक्लेममध्ये यातील रुग्णालयाचा खर्च बसतो. बाकीचा बसेलच असे नाही. देशांतर्गत प्रवास पॉलिसी येथे उपयोगी पडते. ती घेताना गिर्यारोहण व साहसी खेळ यांच्या अपवादाची व्याख्या काळजीपूर्वक वाचावी. काही पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वर गेल्यास संरक्षण संपते आणि यात्रेकरू स्वतःस गिर्यारोहक समजत नसला, तरी कंपनी त्यास तसे समजू शकते.

परदेश प्रवास : वैद्यकीय संरक्षण हाच गाभा

अकोला-अमरावती भागातील कुटुंबांत परदेशी जाणारे बहुधा आई-वडील असतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला, घरात नातवंडाचे आगमन आणि सहा महिन्यांचा मुक्काम, असा हा ठरलेला प्रवास. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाल्यापासून मुंबईचा टप्पा थोडा सोपा झाला. पुढील प्रवासाचा खरा धोका विमानात नसून मुक्कामात आहे. साठी-सत्तरीतील माणूस सहा महिने अशा देशात राहणार असतो, जेथे रुग्णालयातील काही दिवसांचे बिल येथील शेतकरी कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीपेक्षा अधिक होऊ शकते.

परदेशी जाणाऱ्या भारतीयांसाठी वैद्यकीय विमा सरकारी कंपन्यांनी १९८४ मध्ये 'ओव्हरसीज मेडिक्लेम' या नावाने आणला. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि सामान हरवणे, विमानास विलंब, पासपोर्ट गहाळ होणे अशा कलमांची भर पडत गेली. ही यादी लांबलचक असल्याने पॉलिसी भरघोस वाटते. प्रत्यक्षात पासपोर्ट हरवल्यास मिळणारे काही शे डॉलर व हृदयशस्त्रक्रियेचे लाखभर डॉलर यांची तुलना होऊ शकत नाही. निवड करताना वैद्यकीय भागच आधी पाहावा, उरलेले नंतर.

युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तातडीचे उपचार, रुग्णास मायदेशी परत आणणे आणि मृत्यू झाल्यास पार्थिव पाठविणे हे त्यात असावेच लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी अशी सक्ती नाही. त्यामुळे जेथे उपचार सर्वांत महाग, तेथेच विम्याविना जाण्याची मुभा राहते आणि काही जण ती घेतात. सौदी अरेबियाच्या उमरा व्हिसाच्या शुल्कात आरोग्य विमा समाविष्ट असतो. तरीही त्याची मर्यादा पाहून मगच वेगळी पॉलिसी घेण्याचा निर्णय करावा.

विम्याच्या रकमेचा आकडा फसवा असू शकतो. समजा, पॉलिसीवर ५० हजार डॉलर लिहिले आहे. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी अनेक पॉलिसींत पोटमर्यादा असतात : खोलीचे भाडे दिवसाला अमुक, अतिदक्षता विभागाचे तमुक, शस्त्रक्रियेस इतके, एका आजारास एकूण इतके. एका आजाराची मर्यादा १५ हजार डॉलर असेल आणि बिल ४० हजार आले, तर ५० हजारांची पॉलिसी हाती असूनही २५ हजार डॉलर मुलालाच भरावे लागतील. त्यावर वजावट निराळी. वजावट म्हणजे प्रत्येक दाव्यातील पहिली ठरावीक रक्कम, उदाहरणार्थ १०० डॉलर, विमाधारकाने स्वतः सोसावयाची असते. किरकोळ ताप-खोकल्याच्या दाव्यात सारे बिल वजावटीतच जिरते. वजावट थोडी जास्त असली तरी चालेल. पोटमर्यादा नसलेली पॉलिसी वृद्धांसाठी अधिक हिताची. अमेरिकेसाठी लाख डॉलरहून कमी रक्कम घेणे म्हणजे हप्त्यात थोडके वाचवून मोठा धोका पत्करणे होय.

मुदतीचा प्रश्न असाच दुर्लक्षित राहतो. एका प्रवासाची पॉलिसी साधारणतः १८० दिवसांपर्यंत मिळते. मुक्काम वाढला तर ती संपण्यापूर्वीच मुदतवाढ मागावी लागते आणि आधी दावा केलेला असल्यास कंपनी वाढ नाकारू शकते. परतीचे तिकीट व पॉलिसीची शेवटची तारीख यांत चार-आठ दिवसांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे.

पूर्वीचा आजार : खरे भांडण येथे

परदेश प्रवास विम्यात पॉलिसीपूर्वी असलेला आजार व त्यातून उद्भवलेली गुंतागुंत बहुधा वगळलेली असते. काही कंपन्या 'जिवावर बेतलेल्या प्रसंगी' मर्यादित रक्कम देतात. काही जादा हप्ता घेऊन संरक्षण वाढवितात. मधुमेह व रक्तदाब ही वऱ्हाडातीलच काय, कोणत्याही घरातील ज्येष्ठांची सोबत. त्यामुळे प्रस्तावपत्र भरताना एजंट 'नाही' असे लिहून मोकळा होतो आणि ग्राहक सही करतो. हप्ता कमी पडतो, दावा मात्र तेथेच अडतो.

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिला. २००९ मध्ये एका भारतीय प्रवाशाने अमेरिकेला जाण्यासाठी परदेश मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्याला घाम फुटला, अशक्तपणा जाणवला. रुग्णालयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. कोलेस्टेरॉल व मधुमेहाचा पूर्वेतिहास सांगितला नाही, असे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात चित्र पालटले. मधुमेह असल्याचे प्रस्तावात नमूद होते आणि पॉलिसी देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही झाली होती. प्रकृतीची माहिती पाहून, जोखीम जोखून एकदा पॉलिसी दिली, की ज्या स्थितीची कल्पना कंपनीला होती तीच पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

हा निकाल ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण तो लागू होण्यासाठी माहिती दिलेली असणे हीच पहिली पायरी आहे. विम्याचा करार परस्पर पूर्ण विश्वासावर उभा असल्याचे न्यायालये वारंवार सांगतात. महत्त्वाची माहिती दडविल्याने फेटाळलेला मेडिक्लेमचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये योग्य ठरविला होता. म्हणून रोज घेतली जाणारी प्रत्येक गोळी, मग ती 'नुसती खबरदारी म्हणून' असली तरी, प्रस्तावपत्रात लिहावी. डॉक्टरांकडून प्रकृती स्थिर असल्याचे पत्र घ्यावे आणि भरलेल्या प्रस्तावपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी. एजंटाशी तोंडी काय बोलणे झाले, हे बारा वर्षांनी कोणालाही सिद्ध करता येत नाही. वरील प्रवाशाला न्याय मिळण्यास तेवढीच वर्षे लागली.

सामान, विलंब आणि रद्द झालेला प्रवास

रेल्वेत स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाची जबाबदारी प्रवाशाचीच असते. रेल्वे कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा गैरवर्तनामुळे ते गेले असे सिद्ध झाल्याखेरीज रेल्वे भरपाई देत नाही. कमरेच्या पट्ट्यात लाख रुपये बांधून निघालेल्या एका कापड व्यापाऱ्याची रक्कम गाडीत चोरीस गेली, तेव्हा ही रेल्वेच्या सेवेतील त्रुटी नव्हे, असे जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. लग्नसराईत दागिने घेऊन प्रवास करणाऱ्यांनी हे विसरू नये. प्रवास पॉलिसीतही रोकड व दागिने बहुधा वगळलेलेच असतात.

विमान कंपनीकडे सोपविलेले सामान आंतरराष्ट्रीय प्रवासात हरवल्यास मॉन्ट्रियल करारान्वये कंपनी जबाबदार असते. भारत २००९ पासून या करारात आहे. डिसेंबर २०२४ पासून सामानाची मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या या हिशेबी एककात ती दोन हजार डॉलरच्या आसपास जाते. सामान फुटले-तुटले असल्यास सात दिवसांत, उशिरा आले असल्यास एकवीस दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वी तेथील काउंटरवर नोंद करून पावती घेतली नाही, तर विमान कंपनी आणि विमा कंपनी दोघीही हात वर करतात.

प्रवास रद्द झाल्याचे कलम सर्वांत गैरसमजाचे. 'कोणत्याही कारणाने' प्रवास रद्द झाला तर पैसे परत, असा त्याचा अर्थ नाही. स्वतःचा किंवा निकटच्या नातलगाचा गंभीर आजार वा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती अशी मोजकी कारणे पॉलिसीत लिहिलेली असतात. व्हिसा नाकारला जाणे, रजा न मिळणे, मन बदलणे त्यात सहसा नसते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश दिवसेंदिवस बंद राहिले, तेव्हा राख म्हणजे 'खराब हवामान' काय, असा वाद विमा कंपन्यांनी घातला होता. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे विमाने थांबली, तेव्हा महासाथीचा अपवाद किती पॉलिसींत होता हे प्रवाशांना कळले. एखादे संकट जगजाहीर झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या संकटासाठी उपयोगी पडत नाही, हाही या व्यवसायाचा जुना नियम आहे.

विमान कंपनीच बंद पडली तर? जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली. विलंबासाठी भरपाई देणाऱ्या अनेक पॉलिसींत कंपनीची दिवाळखोरी हा अपवाद असतो. असे संरक्षण हवे असेल, तर तो शब्द पॉलिसीत शोधावा लागतो.

खरेदी करताना

विमानाचे तिकीट काढताना संकेतस्थळावर प्रवास विमा आपोआप जोडला जाणे, हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे. विमा नको म्हणणाऱ्याकडून 'मी असुरक्षित राहणे पसंत करतो' अशा अर्थाच्या वाक्यावर खूण करवून घेणेही तसेच. तिकिटासोबत मिळणारा स्वस्त विमा बहुधा विलंब व सामानापुरता असतो; त्यास वैद्यकीय विमा समजून परदेशी जाणे धोक्याचे.

आरोग्य विम्यासारखी पॉलिसी पाहून परत करण्याची सवलत अल्पमुदतीच्या प्रवास पॉलिसीस सहसा मिळत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच पॉलिसीचा नमुना कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि जाहिरातीचे पत्रक बाजूला ठेवून 'व्याख्या' व 'अपवाद' ही दोन प्रकरणे वाचावीत. इंग्रजी अवघड जात असेल, तर मुलांकडून वाचून घेण्यात कमीपणा नाही. परदेशी रुग्णालयात दाखल होताना मदत केंद्रास आधी, अथवा तातडीच्या प्रसंगी पॉलिसीत दिलेल्या तासांच्या आत कळवावे लागते. तो दूरध्वनी क्रमांक आई-वडिलांच्या पासपोर्टमध्ये कागदावर लिहून ठेवावा. मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

दावा फेटाळला तर

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदविता येते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. राज्यात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाची मुदत आहे आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा वाद तेथे चालतो. ही मर्यादा २०२३ पर्यंत ३० लाख होती. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकास तो पटला नाही, तर पुढील मार्ग मोकळा राहतो.

तो मार्ग ग्राहक आयोगाचा. पूर्वी कंपनीचे कार्यालय जेथे असेल किंवा वाद जेथे उद्भवला असेल तेथे तक्रार करावी लागे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही ती दाखल करता येते. पॉलिसी मुंबईच्या कंपनीने दिली असो, उपचार सॅन फ्रान्सिस्कोत झाले असोत. बार्शीटाकळीच्या रहिवाशाला आपली तक्रार अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मांडता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सोबत पॉलिसी, प्रस्तावपत्राची प्रत, रुग्णालयाची बिले व कागदपत्रे, विमानाच्या चढपासाची प्रत आणि कंपनीचे नकाराचे पत्र जोडावे लागते. नकार कंपनीने तोंडी कळविला असेल, तर तो कारणांसह लेखी मागून घ्यावा.